केरबाजीरावांनी घाटाचे सातवे वळण सर केले त्याची बखर

श्री

चाक फिरविणारा तोच आणि वेळेस चाक थांबविणाराही तोच, ऐसा जो जगाचा चालक त्यास दंडवत घालून, आणि लिहिणे पुरे होईतो वीज न जावी येवढे मागणे त्याचे पायी ठेवून, सेवकाने ही हकीकत लिहावयास घेतली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन मास, ते समयी एक राज्य होते. राज्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही. विस्तार म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावरील तीन खोल्या, पूर्वेस गॅलरी ही सरहद्द, आणि सरहद्दीपार शेजाऱ्यांचा मुलूख. सेवक त्याच इमारतीत तळमजल्यास राहणार, दुपारच्या चहास दरबारी नित्य हजर, सबब जे लिहितो ते डोळां देखिलेले. राणीसाहेबांचे हातच्या चकल्या खाऊन लिहितो, म्हणून त्यांचेकडे किंचित झुकते माप पडले तर वाचणाराने रागे भरू नये. चकल्या खरोखरच उत्तम होत्या.

राज्याचे धनी श्रीमंत केरबाजीराव, वय सदुसष्ट. पूर्ववयात तांबड्या गाडीचे सारथ्य एकतीस वर्षे केले, पैकी बावीस वर्षे सकाळची पहिली घाटाची गाडी, आणि त्या गाडीवर कंडक्टर राजश्री हुसेनभाई मुलाणी. ही जोडी ऐसी की केरबाजीरावांनी आरशात पाहावे आणि हुसेनभाईंनी मागून घंटीची दोरी ओढावी, एक टोला म्हणजे थांबणे, दोन टोले म्हणजे निघणे, आणि मधे बोलण्याचे कामच पडू नये. बावीस वर्षांत गाडी एकदाही लेट जाहली नाही ऐसे केरबाजीराव सर्वांस सांगत, आणि हुसेनभाई समोर असले म्हणजे जरा हळू सांगत. परंतु सेवानिवृत्तीचे दिवशी विपरीत घडले. शेवटची फेरी म्हणून गाडीस झेंडूचा हार घातला, डेपोतील मंडळींनी पेढे वाटिले, आणि घाटाचे सातवे वळणावर, जेथे चढ सर्वांत खडा, तेथे गाडीचा पाटा, म्हणजे चाकावरील पोलादी कमान, तुटला. मग मागून आलेल्या गाडीत प्रवासी चढविले, आणि हे दोघे रस्त्याचे कडेस हाराकडे पाहात बसले, आणि दुपार कलल्यावर दुसऱ्या गाडीने दोरखंड लावून त्यांस उलट खाली आणिले. शेवटची फेरी वर पोचली नाही ती नाहीच. मग नऊ वर्षे गेली, गुडघे कुरकुरू लागले, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढिला, परंतु तो सल श्रीमंतांचे मनातून जाईना. तोंडाने बोलत नसत. घाटाचे नाव निघाले म्हणजे हातचा चहा गार होऊ देत, इतके आम्ही पाहिले आहे.

राजकन्या रोहिणीबाई, दवाखान्यात एक्स-रे काढण्याचे हुद्द्यावर, मोठी धोरणी. तिणे आपला जुना कॉम्प्युटर वडिलांस बहाल केला, आणि पासष्टीस खेळातले परंतु खऱ्यासारखे वळणारे स्टिअरिंग आणि पायाखालचे ब्रेक-क्लच आणून दिले, ते राणीसाहेब सुगंधाबाईंचे शिवणयंत्राचे मेजास आवळून बसविले, आणि कॉम्प्युटरात बस चालविण्याचा खेळ भरिला. कोणी एक हौशी कारागीर, नाव ठाऊक नाही, देव त्याचे भले करो, त्याणे त्या खेळात आमचाच घाट बांधून ठेविला होता. तीच वळणे, तोच पिंपळ, तेच भज्यांचे खोपटे. केरबाजीराव प्रथम ते देखोन स्टिअरिंग धरूनच रडले आणि मग नाक पुसून पहिला गिअर टाकिला. परंतु दैव आडवे आले. सातव्या वळणावर सारी दरी एकदम उघडी पडते, हजारो झाडे, धुके, खाली नदी, आणि इतके सारे चित्र काढणे त्या वृद्ध यंत्रास झेपेना. पडदा थबके, गचके खाई, आणि पुन्हा हलू लागे तो गाडी कठडा मोडून दरीत. ऐशी एकेचाळीस वेळा गाडी दरीत गेली, आणि प्रत्येक वेळी श्रीमंत मेजावरून उठोन गॅलरीत जाऊन उभे राहिले. दर वर्षी खंडेनवमीस पूजा चुकत नसे. स्टिअरिंगास हार, कॉम्प्युटरचे डब्यास हळदकुंकू, आणि डब्याचे पाठीमागे पडद्याची वायर ज्या भोकात जाते त्या भोकाशेजारी कुंकवाचा ठळक टिळा. तो टिळा श्रीमंतांची खास युक्ती, की वायर काढली तर पुन्हा जिथल्या तिथे जावी, आणि मेजामागे दुसऱ्या कोणी हात घालू नये.

ऐसे चालता भाद्रपदाचे अखेरीस वर्तमान आले की हुसेनभाई दसऱ्यानंतरचे रविवारी थोरल्या लेकाकडे दूरदेशी जाणार, बिऱ्हाड हलविणार, आणि परत येणे नाही. ते ऐकोन केरबाजीराव दोन दिवस जेवणावर नीट बसले नाहीत, आणि तिसरे दिवशी दरबारात उभे राहोन बोलिले, “हुसेन जायच्या आदी गाडी वर पोचवायची. त्यो मागं उभा आसंल तवाच. येकट्यानं पोचवून काय करायचंय मला?” राणीसाहेब शेंगा सोलीत होत्या, त्यांणी वर न पाहता म्हटले, “मग पोचवा की. कोन अडवलंय?” आणि खजिन्याची किल्ली कमरेची काढून मेजावर ठेविली, परंतु एक अट घातली की यंत्र सुधारल्यावर त्याचे डोक्यावर फराळाचे डबे ठेवू द्यावे, कारण घरात दुसरी सपाट जागा उरली नव्हती. रोहिणीबाई म्हणाली हवा कोंडेल, तेव्हा अट येवढीच राहिली की डबे शेजारी ठेवू द्यावे, आणि तह जाहला.

मग मसलत बसली. शेजारचे मुलखाचे धनी लिमये मास्तर आपले चहाचे कप घेऊन आले आणि म्हणाले की रॅम वाढवा, रॅम वाढविली की सर्व रोग जातात. पेठेतील दुकानदाराने फोनवरून सांगितले की हे यंत्र मोडीतच काढा, सगळेच नवे घ्या, आणि आत सात रंगांचे दिवे बसवू, पंखे फिरताना इंद्रधनुष्य दिसते. यावर केरबाजीराव म्हणाले, “रातरानीला सुदिक येवढी लायटिंग नव्हती. मला घाट चढायचाय, वरातीला न्हाई जायाचं.” रोहिणीबाईने सर्वांचे ऐकोन घेतले. मग म्हणाली, “फोटो काढल्याशिवाय प्लास्टर घालत नाहीत बाबा. तुम्ही गाडी चालवा, मी बघते दुखतंय कुठं.” आणि पडद्याचे कोपऱ्यात एक लहानशी खिडकी उघडली, तीत कोण किती राबतो त्याचे आकडे दिसत होते. श्रीमंत सातव्या वळणावर आले आणि तिणे पाहिले की प्रोसेसर जो राज्याचा प्रधान तो अर्धा रिकामा आहे, रॅम जे कोठार तेही पुरते भरलेले नाही, परंतु चित्र काढण्याचे खाते, जे प्रधानाचेच पदरी जोडकाम म्हणून टाकिले होते, ते मात्र शंभरावर जाऊन धापा टाकीत आहे. तेव्हा निर्णय जाहला की चित्राचे कामास स्वतंत्र सरदार नेमावा, म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि बाकीच्यांस हात लावू नये. त्यातही बाजारात जो सर्वांत बलाढ्य सरदार तो नको, कारण पडदा आपला लहान, त्यावर त्याचा अर्धा पराक्रम वाया जाणार. मधला घेतला. मग ध्यानी आले की जुना पॉवर सप्लाय त्यास पोसण्यास अपुरा, सबब तोही नवा घेणे प्राप्त जाहले. राहिला प्रश्न की हा सरदार डब्यात मावेल की नाही. रोहिणीबाई टेप शोधू लागली, तों केरबाजीरावांनी कार्डाचे खोक्यावरील आकडा वाचिला, एक डोळा मिटून उघड्या डब्यात पाहिले आणि बोलिले, “बसतंय. चार बोटं जागा ऱ्हाती. जुन्या वेशीतनं बस काढलीय म्या.” मग टेप सापडली. चार बोटेच राहात होती. लिमये मास्तर त्यानंतर रॅमविषयी बोलिले नाहीत.

खंडेनवमीस बुधवारी मुहूर्त धरिला. रोहिणीबाईने डबा उघडिला तो आत नऊ वर्षांची धूळ, एक शर्टाचे बटण आणि पालीची दोन रिकामी अंडी सापडली, ती राणीसाहेबांनी झाडूवर घेऊन हद्दपार केली. मग जुना पॉवर सप्लाय उतरविला, नवा चढविला, कार्ड हलक्या हाताने त्याचे खाचेत दाबिले, तो कट्ट ऐसा आवाज होऊन सरदार आसनस्थ जाहला, आणि सर्वांस बहुत संतोष जाहला. मग केरबाजीरावांनी पूजा मांडिली. स्टिअरिंगास हार, कार्डाचे पंख्याचे कडेस हळदकुंकू बेताने, क्लचास फूल. नारळ गॅलरीत फोडिला, कारण पाणी आत उडेल ऐसे राजकन्येने बजाविले होते. शेवटी डबा बंद करून मेज भिंतीस लाविले, आणि श्रीमंत स्वतः मेजामागे शिरोन वायरी जोडू लागले. रोहिणीबाईने विचारिले, “बाबा, लागल्या ना सगळ्या?” ते म्हणाले, “समद्या. जितल्या तितं.” आणि नमस्कार करून बाहेर आले.

मग गाडी निघाली. पहिले वळण, दुसरे, पिंपळ, खोपटे, आणि सातवे वळण, आणि पडदा थबकला, आणि गचका, आणि गाडी दरीत. जसे पूर्वी तसेच, तिळमात्र फरक नाही. रोहिणीबाईने आकड्यांची खिडकी पुन्हा उघडिली तो नव्या सरदाराचे नाव दप्तरी लागलेले, परंतु काम शून्य. आसनावर बसून नुसता वाऱ्यास पंखा हलवितो. मग गुरुवारी, ऐन दसऱ्यास, डबा पुन्हा उघडिला, कार्ड काढून पुन्हा बसविले, आणि श्रीमंतांनी वायरी जितल्या तितं लाविल्या. गाडी दरीत. मग त्याचे सॉफ्टवेअर नव्याने उतरविले. गाडी दरीत. मग शुक्रवारी पॉवरची जोडणी तपासिली, दुसऱ्या खाचेतही बसवून पाहिले, आणि प्रत्येक वेळी श्रीमंत स्वहस्ते मेजामागे शिरत, नमस्कार करीत आणि वायर जिथल्या तिथे लावीत. लिमये मास्तर म्हणाले सरदार फितूर आहे. केरबाजीराव म्हणाले नारळ गॅलरीत फोडिला तेथेच चुकले, सरदाराचा मान राहिला नाही. जी राजकन्या रोज परक्यांची हाडे आरपार पाहते तिला घरच्या मेजामागचे दिसले नाही, हे सेवकाने येथे लिहू नये ऐसे तिणे सांगितले होते, आणि सेवकाने लिहिले आहे.

शनिवार उजाडला. रविवारी सकाळी नऊस हुसेनभाईंची गाडी. रोहिणीबाई कष्टी होऊन म्हणाली की कार्ड खराबच निघाले, दुकानात परत देऊन दुसरे मागवावे, परंतु ते येईतो आठवडा जाईल. केरबाजीराव म्हणाले, “ऱ्हाऊ दे पोरी. काही गाड्या पोचतच न्हाईत.” हे त्यांणी इतक्या सहज म्हटले की राणीसाहेब उठोन स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाच भांडी वाजवू लागल्या. ऐसे समयी दुपारी चार वाजता हुसेनभाई निरोप घ्यावयास आले, हाती पेरूंची पिशवी. केरबाजीरावांनी त्यांचे स्वागतास जुना खाकी शर्ट घातला होता, तो पोटावर ताणत होता. मेज भिंतीपासून ओढून ठेविले होते, कारण डबा उघडावयाचा होता. श्रीमंत म्हणाले, “बस की हुसेन.” हुसेनभाई म्हणाले, “बसतो कसला, ड्रायव्हर म्होरं आन कंडक्टर मागं,” आणि जन्माची सवय म्हणून मेजाचे मागे जाऊन उभे राहिले. आणि तेथून सवयीनेच एकदा सर्वत्र नजर फिरविली, कोठली सीट भरली, कोठली रिकामी. मग चष्मा वर केला आणि वाकले.

“केरबा, हितं काय चाललंया रं?”

“का? काय झालं?”

“आरं, नवी खिडकी उघडलीया आन समदी रांग जुन्याच खिडकीला! हितं तर कुनीच न्हाई.”

रोहिणीबाई धावत मागे गेली. पाहते तो नव्या कार्डाची आपली स्वतंत्र भोके, चकचकीत, रिकामी, आणि पडद्याची वायर जुन्या भोकात, कुंकवाचे टिळ्याशेजारी, घट्ट. म्हणजे चार दिवस पडदा जुन्या खात्याकडूनच चित्रे घेत होता आणि नव्या सरदारास कोणी काम सांगितलेच नव्हते. ती डब्यावर डोके टेकून हसू लागली आणि हसता हसता म्हणाली, “बाबा! वायर कुठं लावलीत?”

“कुटं म्हंजे? कुंकू हाय तितं.”

तेव्हा राणीसाहेब स्वयंपाकघराचे दारात येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आन नव्या भोकाला कुंकू कुनी लावायचं हुतं? पूजा कुनी केली?”

“म्या केली.”

“मग त्याची जागाच दावली न्हाई त्येला, आन चार दिस नावं ठेवतायसा!” ऐसे म्हणोन देव्हाऱ्यातील करंडा आणिला, मेजामागे स्वतः वाकल्या, आणि नव्या भोकाशेजारी बोटाने ठळक टिळा लाविला आणि म्हणाल्या, “ही तुजी जागा बाबा. आता काम कर.” केरबाजीरावांचे कान तांबडे जाहले होते. त्यांणी वायर काढिली, नव्या टिळ्यापाशी लाविली, आणि या खेपेस नमस्कार करावयाचे विसरले.

मग सर्व स्वारी तयार जाहली. केरबाजीराव स्टिअरिंगावर, हुसेनभाई खुर्चीमागे उभे, आणि सोफ्यावर प्रवासी म्हणून राणीसाहेब, रोहिणीबाई आणि सेवक. राणीसाहेबांनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, “बावीस वर्सं पाटं उटून ह्येंचा डबा भरला, पर त्या गाडीत कंदी बसले न्हाई. तिकीट किती वो भाऊजी?” हुसेनभाई बोलिले, “वैनी, स्टाफची बायको. पास हाय तुमाला.” आणि मेजावरचे स्टीलचे फुलपात्र उचलून चमच्याने दोन टोले दिले, टण टण, आणि केरबाजीरावांचा पाय क्लचावरून आपोआप उचलला गेला. गाडी निघाली आणि पिंपळ गेला, पाने वेगवेगळी दिसत होती, आणि खोपटे गेले, त्यातून धूर निघत होता, जो धूर पूर्वी कधी दिसलाच नव्हता, आणि पाचवे वळण गेले, आणि सहावे गेले. हुसेनभाई खुर्चीचे पाठीवर हात ठेवून इतकेच म्हणाले, “पाटा बग हां.” केरबाजीरावांनी गिअर उतरविला, आणि सातवे वळण आले, आणि सारी दरी उघडी पडली, हजारो झाडे आणि धुके आणि खाली नदी, आणि पडदा थबकला नाही. दरी हलकेच बाजूने सरकली, तांबडे नाक वळले, कठडा मागे गेला. मग आठवे, नववे, आणि चढ संपला, आणि वरचे स्टँड दिसले. टण, एक टोला. केरबाजीरावांनी गाडी फलाटास लाविली, हँडब्रेक ओढिला, इंजिन बंद केले, आणि दोन्ही हात स्टिअरिंगावर तसेच ठेवून बसले.

“पोचली,” ते म्हणाले.

हुसेनभाईंनी खिशातून पेन्सिल काढिली, मनगटावरील घड्याळ पाहिले, आणि पेरूंचे पिशवीवर लिहिता लिहिता मोठ्याने वाचिले, “नऊ वर्सं लेट. परवाशी सुखरूप.”

यावर केरबाजीराव हसू लागले, आणि डोळेही पुसू लागले, आणि बावीस वर्षांत गाडी एकदाही लेट जाहली नाही हे वाक्य त्या दिवसापासून दरबारात कोणी ऐकिले नाही. त्या दिवशीचा चहा त्यांणी गरम गरम घेतला, दोन कप.

येणेप्रमाणे हकीकत. यंत्राचे पाठीमागे हल्ली दोन टिळे आहेत, जुना पुसू नये ऐशी श्रीमंतांची आज्ञा आहे. फराळाचे डबे शेजारी आहेत. रविवारी सकाळी हुसेनभाई रवाना जाहले, सर्व राज्य स्टँडावर गेले होते. गाडीचा कंडक्टर नवा, फोनवर बोलत राहिला, घंटी देईना, आणि हुसेनभाई खिडकीतून पाहात राहिले. तेव्हा केरबाजीराव पुढे जाहले आणि तळहाताने गाडीचा पत्रा दोनदा ठोकिला, आणि गाडी निघाली. दोन टोले म्हणजे काय ते वर लिहिलेच आहे. अधिक लिहिणे नलगे.